ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी साधने कशी निवडावीत : खान्देशातील नवोदित शिक्षकांसाठी मार्गदर्शक

ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करू पाहणारा शिक्षक सहसा पहिला प्रश्न विचारतो तो ‘झूम घ्यावे की गुगल मीट’ असा, आणि उत्तर देणारेही आपापल्या सवयीचे नाव सांगून मोकळे होतात. वास्तविक हा प्रश्न निवडीच्या क्रमात बराच नंतर येतो. विद्यार्थी कोण आहे, त्याच्या हातात कोणता फोन आहे, अभ्यासक्रम संपल्यावर त्याला काय करता यायला हवे आणि त्यासाठी शिक्षक व विद्यार्थी एकाच वेळी पडद्यावर असणे कितपत गरजेचे आहे, हे ठरल्याशिवाय दोन साधनांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत तर हा क्रम पाळावाच लागतो, कारण एकाच तुकडीत जळगाव शहरातील फायबर जोडणी असलेला विद्यार्थी आणि धडगाव किंवा मोलगीकडचा, रेंज मिळवण्यासाठी घरापासून दूर उंचावर जाणारा विद्यार्थी असे दोघेही असू शकतात.

पुढील पायऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापक, खासगी वर्ग चालवणारे शिक्षक आणि कौशल्यांचे छोटे अभ्यासक्रम घेणारे प्रशिक्षक अशा तिघांनाही लागू पडतील. विवेचन हवेत राहू नये म्हणून दोन काल्पनिक अभ्यासक्रम समोर धरले आहेत. पहिला अमळनेरहून चालणारा हिशेबलेखन व जीएसटीचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, तर दुसरा रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांसाठी पानांवरील रोग ओळखण्याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे.

पायरी पहिली : विद्यार्थ्यांची विचारपूस

प्रवेश देतानाच प्रत्येकाकडून थोडी माहिती घ्यावी आणि ती शक्यतो फोनवर बोलून किंवा कागदी अर्जावर घ्यावी. ही माहिती गुगल फॉर्मने गोळा करण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु ज्यांची जोडणी सर्वांत कच्ची आहे तेच विद्यार्थी असा फॉर्म भरत नाहीत, आणि मग हाती येणारे चित्र खऱ्या परिस्थितीपेक्षा गुलाबी असते.

विचारायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. फोन स्वतःचा आहे की वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा; तो दिवसातून कोणत्या वेळी हाताशी असतो; त्यात किती जागा शिल्लक आहे; रिचार्ज रोजच्या डेटाचा आहे की महिन्याच्या ठरावीक डेटाचा; घरात रेंज येते का आणि कोणत्या कंपनीची येते; संगणक वापरायला मिळतो का; आणि घरी बोलली जाणारी भाषा कोणती. शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणारा विद्यार्थी छापील प्रमाण मराठी बऱ्यापैकी समजून घेत असला, तरी शंका विचारताना अडखळू शकतो. लिहून शंका विचारण्याऐवजी बोलून शंका पाठवण्याची सोय असावी की नाही, हे याच उत्तरावरून ठरते.

त्याचबरोबर वर्षाचे आणि दिवसाचे वेळापत्रकही विचारावे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचा तास रिकामा जाणार, हे येथील शिक्षकाला सांगण्याची गरज नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाईच्या सणाच्या सुमारास घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि त्यांच्याबरोबर फोनही जातो. वीज गेल्यावर फोन चालू राहतो, पण घरातील वायफायचा राउटर बंद पडतो, म्हणून ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांचाही पर्यायी डेटा विचारून ठेवावा. राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडता येत असेल, तर निदान शिक्षकाने तरी तो जोडून घ्यावा.

माहिती जमल्यावर सरासरी काढू नये. तुकडीतील सर्वांत अडचणीत असलेल्या चार-पाच जणांची नावे बाजूला काढावीत आणि अभ्यासक्रमाचा गाभा त्यांना जमेल अशाच साधनांवर उभा करावा. ज्यांच्याकडे अधिक सोयी आहेत त्यांच्यासाठी वरची भर नंतर घालता येते, पण गाभाच वेगवान जोडणीवर उभा असेल तर मागे पडलेल्यांसाठी नंतर केलेली कोणतीही सवलत पुरत नाही.

पायरी दुसरी : विद्यार्थ्याने काय करायचे ते लिहून काढणे

प्रत्येक आठवड्यासाठी एकच वाक्य लिहावे आणि त्याचा कर्ता विद्यार्थी असावा. ‘करपा रोगाची माहिती देणे’ हे शिक्षकाचे काम झाले, तर ‘आपल्या बागेतील पानावरचे ठिपके पाहून तो करपा आहे की अन्नद्रव्याची कमतरता, हे कारणासह सांगणे’ हे विद्यार्थ्याचे काम झाले. साधन दुसऱ्या वाक्यातून सापडते. शेतकऱ्याला पानाचा स्पष्ट फोटो काढून पाठवता यायला हवा आणि शिक्षकाला त्यावर बोलून उत्तर देता यायला हवे. यासाठी वॉट्सॲप पुरेसे आहे. मात्र वॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बारीक ठिपक्यांचा तपशील हरवतो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला पहिल्याच आठवड्यात शिकवावे. एवढ्या एका सवयीचा उपयोग महागड्या ॲपपेक्षा अधिक होतो.

हिशेबलेखनाच्या अभ्यासक्रमात ‘खरेदी-विक्रीच्या बिलांवरून नोंदी करून इनपुट टॅक्स क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा) हिशेब मांडणे’ असे वाक्य असेल, तर तेथे लहान पडद्याची मर्यादा लगेच जाणवते. नोंदी वहीत करून तिचा फोटो पाठवता येईल, फोनवरील गुगल शीट्समध्ये छोटा तक्ताही भरता येईल, परंतु संगणकावरील हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सराव फोनवर होत नाही. अशा वेळी ऑनलाइन साधनांचा अट्टाहास सोडून महिन्यातून एक-दोन रविवार तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात प्रत्यक्ष सराव ठेवावा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हते. छापील स्वयंअध्ययन पुस्तिका आणि जवळचे अभ्यासकेंद्र यांच्या जोडीवर त्याचे शिक्षण उभे राहिले. दूरस्थ आणि प्रत्यक्ष यांची ती सांगड आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमालाही उपयोगी पडते.

याच टप्प्यावर आणखी एक चौकशी करून घ्यावी. आपण जे शिकवणार आहोत ते आधीच कोणी चांगले तयार करून ठेवले आहे का, हे पाहावे. केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले आणि त्यावर व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचणी अशा चार भागांत अभ्यासक्रम मांडलेले असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेण्याची मुभा उच्च शिक्षणसंस्था देऊ शकतात. शालेय शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील संगणक-प्रशिक्षणाचे छोटे धडे मराठी आवाजातही मिळतात आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय दाखवता येतात. जे चांगले मिळते ते वापरावे आणि आपला वेळ स्थानिक उदाहरणे, शंका आणि तपासणी यांसाठी राखावा. स्वयमवरील व्याख्याता अमळनेरच्या कापडदुकानाचे बिल समोर घेऊन बसणार नाही. ते काम आपले आहे.

पायरी तिसरी : थेट तास किती, हे ठरवणे

सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि बहुतेक नवे शिक्षक तो न घेताच पुढे जातात. वर्गातील वेळापत्रक जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवले जाते आणि रोजचे चार तास थेट घेतले जातात. त्याची किंमत विद्यार्थ्याच्या डेटामध्ये मोजून पाहावी. एक मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने चालणारा व्हिडिओ एका तासात सुमारे ४५० एमबी डेटा खातो. चार तासांचे १.८ जीबी होतात. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर चौथा तास संपण्याआधीच डेटा संपतो, आणि घरात त्याच फोनवर दुसरे भावंड शिकत असेल तर दोघांपैकी एकाचे शिक्षण त्या दिवसापुरते थांबते. याउलट ६४ किलोबिट प्रति सेकंद दर्जाची ध्वनिफीत तासाला २९ एमबीच्या आत बसते आणि दहा मिनिटांची ध्वनिफीत पाच एमबीच्या आत. बोलण्यासाठी हा दर्जा पुरेसा असतो.

डेटाशिवाय दुसरा मुद्दा वेळेचा आहे. थेट तास चुकला की तो गेला. रेकॉर्ड केलेला धडा मात्र रात्री रेंज आल्यावर उतरवून पहाटे ऐकता येतो, थांबवता येतो आणि पुन्हा ऐकता येतो. जो विद्यार्थी वर्गात ‘सर, परत सांगा’ असे म्हणायला बिचकतो, त्याला ही सोय फार मोलाची असते.

म्हणून असे ठरवावे की जे नुसते सांगायचे आहे ते थेट तासात सांगायचे नाही. थेट तास चार गोष्टींसाठीच राखावा. पहिल्या आठवड्यात एकमेकांची ओळख करून द्यावी, दर आठवड्याला साचलेल्या शंका घ्याव्यात, एखादे अवघड उदाहरण सर्वांनी मिळून सोडवावे आणि शेवटी तोंडी परीक्षा घ्यावी. आठवड्याला ३० ते ४० मिनिटांचा एक तास बहुतेक कौशल्य-अभ्यासक्रमांना पुरतो. संभाषण शिकवणारा इंग्रजीचा वर्ग किंवा गायनाचा वर्ग हे याला अपवाद आहेत. तेथे क्षणाक्षणाची दुरुस्ती हेच शिक्षण असते आणि थेट तासांची संख्या वाढवणे भागच पडते.

संस्थाचालकांना आणि काही पालकांनाही थेट तासांची संख्या म्हणजेच मेहनतीचे माप वाटते. त्यांच्यासमोर आठवड्याचा संपूर्ण आराखडा ठेवावा, त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या किती वह्या तपासल्या जाणार आणि किती शंकांना उत्तरे दिली जाणार हे दाखवावे. नुसते ‘तास कमी केले’ असे कळले तर गैरसमज होणारच.

पायरी चौथी : धडे तयार करण्याची सामग्री

येथे खर्च करण्याची घाई नको. बहुतेकांकडे असलेल्या अँड्रॉइड फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी कॉलर माइकवर आणि फोन घट्ट धरणाऱ्या स्टँडवर करावेत. चित्र थोडे धूसर असले तरी विद्यार्थी सहन करतो, पण आवाज तुटला किंवा घुमला की तो धडा सोडून देतो. गणित, हिशेब किंवा शिवणकामाची बेतणी शिकवणाऱ्याने फोन वरून खाली रोखून टेबलावरील कागदावर लिहिताना चित्रण करावे. यासाठी डिजिटल पाटी विकत घेण्याची गरज नसते. संगणकाच्या पडद्याचे चित्रण करायचे असल्यास ओबीएस स्टुडिओ आणि आवाज साफ करण्यासाठी ऑडॅसिटी ही दोन्ही मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पंख्याशिवाय बसणे अशक्य होते आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, तेव्हा त्या दिवसांतील धडे पहाटेच रेकॉर्ड करून ठेवावेत.

धड्याची लांबी हा हौसेचा विषय होऊ नये. २०१४ मध्ये एडएक्स या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांच्या नोंदी तपासणारे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ अधिक लक्षपूर्वक पाहिले जातात आणि लांबी वाढेल तसे मध्येच सोडून देण्याचे प्रमाण वाढते, असे आढळले. एका धड्यात एकच मुद्दा, सहा ते आठ मिनिटांत, आणि शेवटी करून पाहण्याचे एक काम, असा साचा नवख्या शिक्षकालाही झेपतो. व्हिडिओ ४८० पिक्सेलच्या दर्जात ठेवावा आणि स्लाइडवरील अक्षरे इतकी मोठी ठेवावीत की ती पाच-सहा इंची पडद्यावर डोळे न ताणता वाचता येतील. प्रत्येक धड्याची केवळ आवाजाची फाइल आणि दोन पानांची टिपणेही सोबत द्यावीत. ज्याला व्हिडिओ उतरवता येत नाही त्याचा अभ्यास त्या दोहोंवर चालला पाहिजे; तो चालत नसेल तर टिपणे अपुरी आहेत असे समजावे.

व्हिडिओ ठेवण्यासाठी यूट्यूबवरील ‘अनलिस्टेड’ हा पर्याय सोयीचा आहे. दुवा हाती असलेला कोणीही तो पाहू शकतो, त्यामुळे त्यात विद्यार्थ्यांचे चेहरे, नावे किंवा गुण दिसू देऊ नयेत. प्रत्यक्ष सरावाचा रविवार ठेवला असेल तर पुढील महिन्याचे सर्व धडे त्याच दिवशी पेन ड्राइव्हवरून विद्यार्थ्यांच्या मेमरी कार्डवर भरून द्यावेत. ही पद्धत जुनाट वाटेल, पण डोंगराळ भागातील विद्यार्थ्यासाठी याहून खात्रीचा मार्ग सध्या तरी नाही.

पायरी पाचवी : मराठी अक्षरे युनिकोडमध्ये आणणे

युनिकोड म्हणजे कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर मराठी अक्षरे सारखीच उमटवणारी प्रमाण संकेतपद्धती. या विषयाला स्वतंत्र जागा द्यावी लागते, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत तो सापडत नाही आणि मराठी शिक्षकाचे पहिले काही आठवडे यातच जाऊ शकतात. अनेक महाविद्यालयांतील जुन्या टिपणांचे आणि प्रश्नपत्रिकांचे टंकन श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालेले आहे. त्या पद्धतीत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या फोनवर किंवा ऑनलाइन चाचणीत तोच मजकूर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग म्हणून उमटतो.

पडताळणी सोपी आहे. जुन्या फाइलमधील एक परिच्छेद कॉपी करून वॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावा. तो मराठीत दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. दिसला नाही तर तो आधी रूपांतरित करावा लागेल. रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर मोफत मिळतात, परंतु रफार, जोडाक्षरे, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ यांच्या ठिकाणी चुका राहतात, म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक पान माणसाने वाचायलाच हवे. हिशेबाच्या आणि विज्ञानाच्या टिपणांत आकडे आणि चिन्हेही तपासावीत. ‘÷’ चे दुसरेच काही झालेले असणे शक्य असते.

नवे टंकन मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावे. विंडोज संगणकावर इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक आधीच उपलब्ध असतो आणि फोनवर गुगलच्या कळफलकात मराठी बोलूनही लिहिता येते. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ आणि ‘मुक्त’ (Mukta) हे दोन्ही टंक मोफत आहेत व लहान पडद्यावर स्वच्छ दिसतात. टिपणांची पीडीएफ करताना ए-४ ऐवजी ए-५ आकाराचे पान घेतले तर फोनवर मजकूर डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागत नाही. वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ करून पाठवणे सोपे असते, पण अंध विद्यार्थ्याच्या फोनमधील वाचून दाखवणारी टॉकबॅक सुविधा असे फोटो खात्रीने वाचू शकत नाही, आणि तशा पीडीएफमध्ये कोणालाच शब्द शोधता येत नाही.

पायरी सहावी : अभ्यासक्रम कोठे ठेवायचा

आता साधनांच्या नावांकडे वळता येईल. अभ्यासक्रमाला एकच ठिकाण असावे, जेथे गेल्यावर विद्यार्थ्याला या आठवड्यात काय करायचे ते कळेल. टिपणे एका ठिकाणी, चाचणी दुसऱ्या ठिकाणी आणि सूचना तिसऱ्या ठिकाणी अशी विभागणी झाली की अर्धा वेळ ‘मॅडम, लिंक कोणती?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात जातो.

तीस-चाळीस जणांपर्यंतच्या, दीड-दोन महिन्यांच्या अभ्यासक्रमाला वॉट्सॲपचा गट पुरेसा आहे. केळी उत्पादकांच्या उदाहरणात मी दुसरे काहीही सुचवणार नाही. विद्यार्थ्यांना ते येते, नव्या ॲपसाठी फोनमध्ये जागा करावी लागत नाही आणि बोलून पाठवलेला संदेश अक्षरओळख कमी असलेल्यालाही समजतो. परंतु दोन गट करावेत. एकात केवळ ॲडमिनला संदेश पाठवता येतील अशी मांडणी करून धडे व सूचना द्याव्यात आणि दुसरा चर्चेसाठी मोकळा ठेवावा. एरवी सणासुदीच्या शुभेच्छांखाली धडा गाडला जातो. गटात सर्वांचे फोन क्रमांक सर्वांना दिसतात, हा वॉट्सॲपचा मोठा दोष आहे आणि मुलींच्या बाबतीत तो गंभीर ठरू शकतो. तेथे नुसता सूचनांसाठी वॉट्सॲपचा चॅनेल वापरावा, कारण त्यात अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत.

कामे जमा करून घेणे, गुण देणे आणि त्यांची नोंद ठेवणे वाढले की गुगल क्लासरूमकडे जावे. वैयक्तिक गुगल खात्यावरही ते मोफत वापरता येते, मात्र अशा खात्याला १५ जीबीच जागा मिळते आणि विद्यार्थ्यांनी गुगल फॉर्ममधून पाठवलेल्या फाइली शिक्षकाच्याच जागेत साठतात. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने गुगलच्या शैक्षणिक सेवेसाठी संस्थेच्या नावाने अर्ज करावा. तिची मूळ आवृत्ती पात्र संस्थांना विनामूल्य मिळते आणि खाती संस्थेच्या ताब्यात राहतात. शिक्षक बदली होऊन गेला तरी अभ्यासक्रम जाग्यावर राहतो, हा त्यातला खरा लाभ आहे.

मूडल हा तिसरा पर्याय. अभ्यासक्रम चालवण्यासाठी २००२ पासून उपलब्ध असलेली ही मुक्त-स्रोत प्रणाली प्रश्नसंच, टप्प्याटप्प्याने उघडणारे धडे, गटकार्य आणि तपशीलवार नोंदी यांत क्लासरूमपेक्षा कितीतरी पुढे आहे. तिच्या मोबाइल ॲपमध्ये धडे उतरवून ठेवता येतात आणि शिक्षकाने परवानगी दिली असेल तर चाचणीही इंटरनेटशिवाय सोडवून नंतर पाठवता येते. आपल्या भागासाठी ही सोय अमूल्य आहे. सॉफ्टवेअर मोफत असले तरी सर्व्हरचे भाडे, अद्ययावत आवृत्त्या आणि बॅकअप यांची जबाबदारी घेणारा माणूस लागतो. असा माणूस संस्थेत नसेल तर एकट्या शिक्षकाने मूडलच्या वाटेला जाऊ नये. संगणकशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाने मात्र ते जरूर उभारावे आणि सर्व विभागांना एकत्र वापरू द्यावे.

थेट तासाचे साधन निवडणे त्यामानाने सोपे आहे. झूमच्या मोफत खात्यावर १०० जणांपर्यंतची बैठक ४० मिनिटांत संपते. गुगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जणांच्या बैठकीला ६० मिनिटांची मर्यादा आहे आणि तेथे रेकॉर्डिंगची सोय मिळत नाही. झूमच्या मोफत खात्यावर संगणकावरून रेकॉर्डिंग करता येते. या मर्यादा कंपन्या बदलत असतात, म्हणून अभ्यासक्रम सुरू करण्याच्या आठवड्यात त्या पुन्हा पाहून घ्याव्यात. तिसऱ्या पायरीनुसार तास ३० ते ४० मिनिटांचाच ठेवला असेल तर दोन्हींपैकी काहीही चालते. विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये जे आधीपासून आहे ते घ्यावे. मूडल वापरणाऱ्यांनी बिगब्लूबटन पाहावे, कारण ते शिकवण्यासाठीच बनवलेले आहे आणि मूडलच्या ४.० आवृत्तीपासून त्यात अंतर्भूत आहे. फळा, छोटे गट आणि मतचाचणी या सोयी त्यात एकत्र मिळतात.

पायरी सातवी : तपासणी आणि परीक्षा

पर्यायी उत्तरांच्या चाचणीसाठी गुगल फॉर्मची क्विझ पुरते. गुण आपोआप मिळतात हे खरे असले तरी प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एका ओळीचे स्पष्टीकरण जोडावे, नाहीतर विद्यार्थ्याला केवळ आकडा मिळतो. कॅमेऱ्याने नजर ठेवणारी परीक्षा-सॉफ्टवेअरे नवख्या शिक्षकाने घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ती महाग असतात, कच्च्या जोडणीवर बंद पडतात आणि एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याला विनाकारण संशयित ठरवतात. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळे काम द्यावे. हिशेबाच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाने आपल्या गावातील एखाद्या दुकानाची दहा बिले, दुकानदाराच्या परवानगीने आणि नावे झाकून, घ्यावीत व त्यांच्या नोंदी कराव्यात. त्यानंतर साध्या फोनवर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. ज्याने काम स्वतः केले आहे तो सांगू शकतो; नसेल केले तर दुसऱ्याच प्रश्नाला ते कळते. तोंडी परीक्षेत विद्यार्थी अहिराणीत उत्तर देत असेल तर देऊ द्यावे, परीक्षा हिशेबाची आहे.

पायरी आठवी : माहितीची सुरक्षा आणि प्रताधिकार

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणी होऊ शकेल अशी संमती लागते. अकरावी-बारावीचे वर्ग घेणाऱ्यांनी प्रवेशअर्जातच ही संमती लेखी घ्यावी आणि जेवढी माहिती खरोखर लागते तेवढीच मागावी. आधार क्रमांक किंवा जातीचा दाखला वॉट्सॲपवर मागवण्याचे कारण नाही.

प्रताधिकाराबाबत १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ शिक्षकाला अध्यापनाच्या ओघात साहित्याची प्रत वापरण्याची मुभा देते. मात्र वर्गापुरती प्रत देणे वेगळे आणि संपूर्ण पाठ्यपुस्तकाची पीडीएफ सर्वांसाठी खुल्या टेलिग्राम चॅनेलवर टाकणे वेगळे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन खुले होते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणजे त्यांचे हयातीत प्रकाशित लेखन २०११ पासून कोणालाही धड्यात घेता येते.

पायरी नववी : आधी एका धड्याची चाचणी

संपूर्ण अभ्यासक्रम तयार करण्यापूर्वी एकच आठवडा पूर्ण बांधावा आणि पहिल्या पायरीत बाजूला काढलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांना तो करायला द्यावा. धडा उतरवायला किती वेळ लागला, किती डेटा गेला, कोणती सूचना समजली नाही आणि काम पाठवताना कोठे अडले, हे फोन करून विचारावे. जो अडथळा दोघांना आला तो तुकडीत अनेकांना येणार असे धरून चालावे. या चाचणीत एखादे साधन नापास झाले तर ते काढून टाकावे. ते समजावून सांगणारा आणखी एक व्हिडिओ बनवण्यात वेळ घालवू नये.

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर मध्यावर साधने बदलू नयेत. नवी सोय कितीही आकर्षक वाटली तरी ती पुढील तुकडीसाठी टिपून ठेवावी. प्रत्येक आठवड्याला काम न पाठवणाऱ्यांची यादी काढून त्यांना संदेशाऐवजी फोन करावा, कारण पुष्कळदा कारण अभ्यासाचे नसून संपलेल्या रिचार्जचे किंवा फुटलेल्या पडद्याचे निघते, आणि तसे असेल तर त्या आठवड्याचे धडे मेमरी कार्डवर गावाकडे जाणाऱ्या एखाद्या सहाध्यायीबरोबर पाठवता येतात.

तुकडी संपल्यावर मूडलमधील अभ्यासक्रमाचा बॅकअप घ्यावा, क्लासरूममधील गुण तक्त्यात उतरवून ठेवावेत, व्हिडिओच्या मूळ फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवाव्यात. संस्थेच्या नियमानुसार जपायची कागदपत्रे तेवढी ठेवून विद्यार्थ्यांचे फोटो, फोन क्रमांक आणि पाठवलेली बिले पुसून टाकावीत आणि वॉट्सॲपचे गट बंद करावेत.